पाच मुलांची आत्या

न्यूझीलंडला आल्यावर पहिली दीड-दोन वर्षं मला नोकरी मिळाली नाही. उदगीरच्या कॉलेजातून मी कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतलेली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वडील शिवणकाम करायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी ऐन लग्नसराईत दुकान बंद ठेवलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी आनंदानं खाल्ली. एवढ्या कौतुकाची ती पदवी घेऊन मी हॅमिल्टनमध्ये मुलाखतींना जायची, तेव्हा समोरचा माणूस गोड हसून विचारायचा, न्यूझीलंड एक्स्पिरियन्स आहे का? नोकरी मिळाल्याशिवाय तो कुठून आणायचा, हे कोणी सांगत नसे.

नवरा 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात इंजिनियर होता. सकाळी तो रोटोटुना या आमच्या उपनगरातून गाडी घेऊन गेला की नव्या कोऱ्या घरात मी आणि रेडिओ. शेवटी मराठी मंडळातल्या पुण्याच्या एका ताईंनी सुचवलं, "लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जा. पगार नाही, पण रेफरन्स मिळतो. इथं रेफरन्सशिवाय कुणी मांजरसुद्धा सांभाळायला देत नाही."

म्हणून मी गेले. लायब्ररीत दर बुधवारी घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचं एक टेबल भरायचं. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांच्याजवळ मायक्रोफिश, म्हणजे फिल्मवर बारीक उतरवलेली जुनी कागदपत्रं, बघायचं जुनं यंत्र होतं, त्यावर त्यांचं प्रेम होतं. दोन नवे कॉम्प्युटर होते, त्यांना ते भीत होते. मला कॉम्प्युटरजवळ बसवलं. जुन्या कबरस्तानांच्या नोंदी टाइप करायच्या आणि कोणी काही विचारलं तर शोधून द्यायचं, एवढं काम.

मला सुरुवातीला या मंडळींचं नवल वाटायचं. आमच्याकडे वंशावळ ही जमीनजुमला असणाऱ्यांची गोष्ट. आम्हाला पणजोबांच्या पलीकडे कोणी ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. इथं माणसं सुटाबुटातल्या मेलेल्या काकांसाठी बुधवारमागून बुधवार घालवत होती.

त्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका यायच्या. पहिलीच्या वर्गाला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. मला नावानं हाक मार, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणायची सवय, नाव तोंडातून निघेना. मग मी त्यांना बाईच म्हणायला लागले. त्याचा अर्थ विचारला, तो मी सांगितला, आणि त्यांना तो आवडला. इथंही मी त्यांना बाईच म्हणते. त्यांचं आडनाव लिहीत नाही. एवढं पुरे की ते जर्मन होतं आणि J पासून सुरू होत होतं. किंवा Y पासून. सगळा घोळ तिथंच होता.

जर्मन लोक J चा उच्चार 'य' असा करतात. बाईंचे आजी-आजोबा जर्मनीतून जहाजानं आले आणि आधी मार्टनच्या बाजूला राहिले. तिथं त्यांना तीन मुलं झाली. तिथल्या नोंदीत आडनाव J नं आहे. मग ते तारानाकीच्या जंगलात जमीन साफ करायला गेले. तिथं आणखी दोन मुलं झाली. तिथला इंग्रज कारकून कानानं ऐकून लिहिणारा, त्यानं Y लिहिलं आणि शेवटची दोन अक्षरंही आपल्या मनानं बदलली. थोरली तीन मुलं जर्मन पाद्र्याकडे अक्षरं शिकलेली, ती J च लिहीत राहिली. धाकटी दोन सरकारी शाळेत गेली, मास्तरनं नोंदीप्रमाणे Y घातलं. एका आईची पाच मुलं दोन आडनावांची झाली.

बाई चौथ्या मुलाच्या, म्हणजे Y वाल्याच्या, कन्या.

"आता ऐक," त्या पहिल्यांदा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या तेव्हा म्हणाल्या. "माझ्या आजी-आजोबांच्या कबरीवर दगड नाही. माझ्या थोरल्या काकांचा नातू ईस्टरला सगळ्या नातेवाइकांना जमवतोय आणि दगड बसवतोय. वर आजी-आजोबांची नावं, खाली मुलांची. त्यानं मजकूर पाठवलाय. त्यात तीन मुलं आहेत."

"दोन विसरले?"

"विसरला नाही. थोरल्यांच्या घरात पहिल्यापासून म्हणतात की आजीनं आजोबांच्या मागं दुसरा कोणी केला, आणि आम्ही त्याचे. तोंडावर कोणी म्हणत नाही. पण लग्नाचा फोटो काढताना आम्हाला कडेला उभं करतात."

बाईंनी चष्मा पुसला.

"खरं असेल तर मी दगडाबद्दल चकार शब्द काढणार नाही. पण ठाऊक नसताना गप्प बसायचं वय आता राहिलं नाही. दगड कोरला की झालं, मग कोण पुसणार?"

त्यांच्याजवळ दोन्हीकडच्या जन्मनोंदींच्या नकला होत्या. आईचं नाव सगळीकडे तेच. बापाचं मात्र, थोरल्या तिघांच्या नोंदीत पहिलं नाव, मधलं नाव आणि J वालं आडनाव. धाकट्या दोघांच्या नोंदीत पहिलं नाव गायब. फक्त मधलं नाव आणि Y वालं आडनाव. थोरल्यांचं म्हणणं, हा दुसराच माणूस.

मी कामाला लागले. अशा आडनावांचा शोध घ्यायची माझी एक पद्धत आपोआप तयार झाली. आधी ते आडनाव मी देवनागरीत लिहायची. देवनागरीत लिहिलं की उच्चार पक्का होतो, हलत नाही. मग तो उच्चार न कळणाऱ्या इंग्रजाच्या कानानं ऐकायचा आणि तो काय काय लिहील त्याची पानभर रूपं करायची. J, Y, कधी I, एकदा तर चक्क U. ग च्या जागी क, ट्झ च्या जागी नुसता स. शिवाय त्या काळचं वळणदार हस्ताक्षर वाचून यादी करणाऱ्यानं J ला F समजलेलं असायचं. मी एकेक रूप घालून शोधायची आणि हळू आवाजात म्हणूनही बघायची. शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायचे. पण सापडायचं. कर भरणाऱ्यांच्या यादीत एक, मतदारयादीत एक, जहाजाच्या यादीत एक. वेगवेगळ्या वेषातला तोच माणूस ओळखावा तसं वाटायचं.

एवढं जमल्यावर मी हुशारीनं सगळ्यांचा तक्ता मांडायला बसले आणि मांडता मांडता तो मधेच गुंडाळून ठेवला. दोन बुधवार मी बाईंना टाळलं. तिसऱ्या बुधवारी त्यांनी मला गाठलंच.

"काय सापडलं?"

"अजून नीट नाही बघितलं."

"डिअर, मी जन्मभर सहा वर्षांच्या पोरांचं खोटं पकडलंय. सांग."

मी खाली बघून सांगितलं, "तुमच्या वडिलांचे वडील तुमच्या आजीचे सासरे असावेत."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. "पुन्हा सांग."

"आजोबांचं मधलं नाव बघा. म्हणजे ते त्यांच्या वडिलांचं. आणि तुमच्या वडिलांच्या जन्मनोंदीत बाप म्हणून तेच नाव आहे. म्हणजे आजोबा गेल्यावर, किंवा आधीच..."

"मधलं नाव वडिलांचं असतं?"

"मग कुणाचं असणार?"

"तुझं मधलं नाव काय आहे?"

"लग्नाआधी वडिलांचं होतं. आता नवऱ्याचं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं मधलं नाव एका फुलाचं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या हिशेबानं माझा बाप गुलाब."

टेबलाच्या टोकाला एक डच गृहस्थ बसायचे. म्हातारे, उंच, जुनं जर्मन हस्ताक्षर वाचणारे आमच्यातले ते एकटेच. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मला तीन मधली नावं आहेत. आईला विचारायला हवं होतं."

मला जमिनीत जावंसं झालं. आमच्याकडे बालवाडीच्या हजेरीपासून रेशनकार्डापर्यंत मधे बापाचं नाव, त्यात शंका घ्यायला जागाच नसते. साऱ्या जगात तसंच असणार असं मी धरून चालले होते. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "गेला तुझा रेफरन्स. बिचारी म्हातारी शंभर वर्षं मातीत शांत पडली होती, तू तिला सासऱ्याबरोबर जोडलंस."

पण त्या हसण्यातून एक गोष्ट निघाली. डच गृहस्थांनी समजावलं की त्या काळच्या जर्मन घरांत बाप्तिस्म्याला दोन-तीन नावं ठेवत. पहिलं देवाच्या दारात सांगायचं, सगळ्या भावांना कधी कधी तेच. घरात आणि गावात हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. म्हणजे दोन नावांचा माणूस आणि नुसत्या मधल्या नावाचा माणूस हे एकच असू शकतात.

"असू शकतात," ते बोट वर करून म्हणाले. "असतीलच असं नाही. आजोबांच्या धाकट्या भावाचं नुसतं तेच नाव असू शकतं. एकाच घरात तसं मी पाहिलंय."

बाईंनी दगड बसवणाऱ्या त्या नातवाला, म्हणजे आपल्या चुलत पुतण्याला, फोन केला. तोही साठीचा, तारानाकीत गाई पाळणारा. उत्तर आलं ते बाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला होता, "आंट, 'असू शकतं' हे दगडात कोरता येत नाही. दगडवाल्याला महिनाअखेर मजकूर द्यायचाय."

त्या आठवड्यात उदगीरला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. तिची एकुलती एक आत्या मी, आणि मी इथं. आईनं आधीच रडून घेतलं होतं. शेवटी भावानं तोडगा काढला. तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. मी कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर फिरवला, त्यानं फोन पाळण्यात बाळाच्या कानाला लावला.

"म्हण लवकर, कार्ड संपंल तुझं," भाऊ लांबून ओरडला.

मी कुर्रर्र करून नाव सांगितलं. तिकडं बायकांचा गलका झाला. मग भावजय फोनवर आली. "ताई, तुमच्या पाठीत धपाटे घालायला कोणीच नाही हो. मावशी माझ्याच पाठीत घालतायत."

"माझे दोन जास्त खा," मी म्हटलं.

मागून एक म्हातारी काकू म्हणताना ऐकू आली, "आत्या इकडची असो की परदेशातली, नाव ठेवायला तिचाच आवाज पाहिजे. नाही तर लेकरू कोणत्या घरचं ते कसं कळायचं?"

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकाला लागले. कणीक मळताना काकूचं ते बोलणं डोक्यातून जाईना. इतके दिवस मी बापाच्या नावामागं धावत होते. ते नाव प्रत्येक कारकुनानं वेगळं लिहिलेलं. पण लेकरू कोणत्या घरचं हे आमच्याकडे बापाच्या नावावरून थोडंच ओळखतात? सोयरीक जमवताना आडनाव ऐकून कोणी समाधान पावत नाही. मामा कुठले, आत्या कुठं दिली, हे विचारतात. चार बाजूंनी माणसं धरतात, मग मधला माणूस आपोआप ओळखू येतो. बाईंच्या आजोबांना बहीण होती का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मी डच गृहस्थांना विचारलं, "जर्मनांत बाळाच्या बाप्तिस्म्याला आत्या लागते का?"

"लागते असं नाही. पण बाळाला हातात घेऊन उभं राहणारी माणसं ठरलेली असतात. बहुतेक जवळचीच. काका, आत्या, मावशी. पाद्री त्यांची नावं लिहून ठेवतो."

जहाजाची यादी मी पुन्हा काढली. जोडप्यांच्या भागात बाईंचे आजी-आजोबा होते. एकट्या बायकांच्या भागात, बरीच पानं पुढं, त्याच आडनावाची एक तरुण मुलगी होती. तिचं आडनाव लिहिणाऱ्यानं F नं लिहिलं होतं, म्हणून आधी नजरेतून सुटली होती. आधीची मी असते तर तिचंही मधलं नाव पहिलं बघितलं असतं. तेवढी मी आता शिकले होते. मार्टनच्या लग्नांच्या सूचीत ती सापडली, Y नं. तिनं एका डॅनिश सुताराशी लग्न केलं होतं. त्या सुताराच्या आडनावाचं काय काय झालं होतं ते सांगत बसत नाही.

बाप्तिस्म्याच्या नोंदींची फिल्म परदेशातून मागवावी लागली. ती येईपर्यंत महिनाअखेर जवळ आली. बाई रोज लायब्ररीत येऊन विचारायच्या आणि नसली की कादंबरी घेऊन जायच्या. फिल्म आली तेव्हा डच गृहस्थ यंत्रापाशी बसले, मी त्यांच्या मागं उभी, बाई खुर्चीत पर्स मांडीवर धरून. अक्षर पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं होतं. डच गृहस्थ एकेक ओळ पुटपुटत वाचत होते. थोरल्या मुलाच्या वेळी उभी राहिलेली स्त्री, लग्न न झालेली, तीच जहाजावरची. दुसऱ्याच्या वेळी सुताराची बायको झालेली ती. तिसऱ्याच्या वेळी ती. मग फिल्म बरीच पुढं फिरवली. तारानाकीचा भाग आला. फिरत्या पाद्र्यानं घाईघाईनं केलेल्या नोंदी, बापाचं इथंही नुसतं मधलं नाव. चौथ्या मुलाच्या वेळी तीच. पाचव्या मुलीच्या वेळीही तीच.

"आत्या," मी म्हटलं.

बाईंनी तो शब्द माझ्यामागून एकदा म्हटला. त्यांना तो नीट आला नाही. मग म्हणाल्या, "ही तर मार्टनला राहायची ना? तिथून तारानाकीपर्यंत तेव्हा रस्ता होता का?"

नव्हता म्हणण्यासारखाच. जंगल आणि नद्या.

बाईंनी पुतण्याला घरी चहाला बोलावलं. मला आणि माझ्या तक्त्याला पण. तो आला, बूट दाराबाहेर काढून मोज्यांनी आत आला. मोठा, लाल मानेचा, कमी बोलणारा. मी तक्ता पसरून त्याला एकेक दाखवत गेले. तो ऐकत होता, स्कोन नावाचा इथला छोटा पाव खात होता, मान हलवत नव्हता.

"म्हणजे ती बाई पाचही वेळा हजर होती," शेवटी तो म्हणाला. "त्यानं काय होतं? माझी शेजारीण माझ्या सगळ्या मुलांच्या वेळी हजर होती. ती त्यांची आत्या नाही."

"ही होती," मी म्हटलं. "तीन मुलांची तर तुमच्याच हिशेबानं."

"आणि उरलेल्या दोघांची प्रेमानं झाली असेल."

आमच्याकडे भावाला सोडून दुसरा केलेल्या वहिनीच्या बाळंतपणाला नणंद जंगल तुडवत जात नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे जाते की नाही, ते मला कसं ठाऊक असणार? मी तेच बोलून दाखवलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना आमचा एवढा राग का होता, ते तरी सांग. मला कोणी सांगितलं नाही."

त्यानं कप खाली ठेवला. "पहिल्या महायुद्धात लोकांनी आमच्या खिडक्या फोडल्या. J वाले ना आम्ही. आजोबांचं लोणी कोणी घेईना. तुमचे वडील त्याच गावात, Y लावून. विचारलं तर म्हणायचे, आम्ही जर्मन नाही. आजोबा भर रस्त्यात त्यांच्याशी बोलायला गेले तर ते पलीकडच्या बाजूनं निघून गेले. सख्खा भाऊ."

"सख्खा म्हणालास," बाई म्हणाल्या.

त्यानं कप पुन्हा उचलला.

"माझे वडील भित्रे होते," बाई म्हणाल्या. "ते मला मान्य आहे. त्यांना विजेची भीती वाटायची, बैलाची वाटायची. शेजाऱ्यांची वाटली असेल. तेव्हा रागात कोणीतरी म्हणालं असेल, हा आमच्या बापाचा नाहीच. आणि पुढच्यांनी ते खरं धरलं."

"असेल," पुतण्या म्हणाला. मग तक्त्यावर बोट ठेवून मला विचारलं, "या आत्याचं लग्न सुताराशी झालं? डॅनिश?"

"हो."

"आमच्यात तिला जनरल म्हणायचे." पहिल्यांदाच तो थोडा हसला. "आजोबा सांगायचे, रविवारी शीळ घातली म्हणून तिनं त्यांना लाकडी पळीनं बडवलं होतं. तिच्या दिराची बायको विधवा झाली आणि वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, तर ही चर्चमध्ये तिच्या बाकावर बसेना. मरेपर्यंत बोलली नाही तिच्याशी."

"मग?" बाई म्हणाल्या.

त्यानं आणखी एक स्कोन घेतला, पण खाल्ला नाही, तसाच ताटलीत ठेवला. मला वाटलं, उठून जाईल आता.

"तिच्या भावाला सोडून दुसरा केला असता तर जनरलनं पणजीला उभी चिरली असती," तो म्हणाला. "त्या दुसऱ्याचं पोर मांडीवर घेणं तर सोडाच."

त्यानं खिशातून मोबाइल काढला, तिथंच बसून दगडवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की मुलं पाच आहेत, नावं लिहून घे. चौथं नाव त्यानं बाईंकडे बघून सांगितलं. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "आंट, आडनाव J नं की Y नं?"

"J नं," बाई म्हणाल्या. "माझं लायसन्स राहू दे Y नं. या वयात पुन्हा फोटो काढायला मी जात नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाईंनी मला रेफरन्स लिहून दिला. चुका कबूल करते आणि दुरुस्त करते, असं त्यात लिहिलं होतं. त्याच्या आधारावर मला जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवण्याची पगारी नोकरी मिळाली. उदगीरला फोन करून सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "म्हंजे मेलेल्यांची हजेरी घेतीस?" मी हो म्हटलं. "चांगलं काम हाय," ते म्हणाले. आयुष्यात मला ज्यांनी ज्यांनी पुढं ढकललं, त्यात वडिलांच्या खालोखाल मी बाईंना धरते.

ईस्टरला मीच बाईंना आमच्या गाडीतून तारानाकीला नेलं. कबरस्तान कुरणांच्या मधोमध होतं, कुंपणाला लागून गाई उभ्या होत्या. डोंगर ढगात होता. पुष्कळ माणसं जमली होती, कोणाच्या छातीवर J चं लेबल, कोणाच्या Y चं. पुतण्यानं दोन वाक्यं बोलून दगडावरचं कापड काढलं. करड्या दगडावर पाच नावं, जन्माच्या क्रमानं, सगळी एकाच मापाच्या अक्षरात. बाईंनी वडिलांचं नाव वाचलं, मग वरची तीन वाचली, मग खालचं. नंतर हॉलमध्ये जेवण होतं. पुतण्याच्या बायकोनं मला पेस्टो नावाची चटणी घातलेला काहीतरी हिरवा प्रकार आग्रहानं वाढला.

परतताना बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डोळा लागला असेल. डोंगर मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "माझे वडील या कबरीवर सोमवारी यायचे. रविवारी थोरल्यांची माणसं असायची म्हणून. मी लहान होते. मला फाटकाबाहेर उभं करून एकटेच आत जायचे आणि लगेच परत यायचे. मला वाटायचं, त्यांना मेलेल्यांची पण भीती वाटते."



थोड्या वेळानं त्यांनी पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, पुन्हा बंद केली. "पुढच्या महिन्यात पुतण्यानं रविवारी जेवायला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब गाडी चालवणं मला आता झेपत नाही. तू येशील का?"

"येईन," मी म्हटलं.